एकाच खिशात दोन्ही किल्ल्या

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू फोन हातात धरून धावत आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली होती, नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे उघडली की फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल. काकूंकडे ना स्कूटर, ना गाडी. तरी दंड असेल तर भरून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी ती उघडली होती. पडद्यावर प्रश्न होता, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप इन्स्टॉल करू द्यायचं का? तेवढ्यावर त्या थांबल्या, हे नशीब.

फाइल काढून टाकली. मग त्या म्हणाल्या, “बँकेचं अ‍ॅपही काढून टाकू का हो? कॉम्प्युटरवरचं नेट बँकिंगच बरं ना?”

मी नको म्हटलं. नव्या फोनवर बँकेचं अ‍ॅप सुरू करताना ते कोणतं सिम म्हणून विचारतं आणि तुमच्याच फोनवरून एक एसएमएस पाठवतं, आठवतंय? त्यावरून बँक ताडून बघते, की खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे. खातं, सिम आणि फोन यांची अशी गाठ मारलेली असते. त्यामुळे तुमचा एमपिन, म्हणजे अ‍ॅप उघडायचा गुप्त आकडा, कुणाला नुसता कळला, तरी त्याच्या फोनवर तो चालत नाही.

नेट बँकिंगचा पासवर्ड मात्र कुठल्याही ब्राउझरमध्ये टाकता येतो. पुढे अडवायला ओटीपी असतो खरा, पण बँकेसारखंच दिसणारं खोटं पान पासवर्डही मागतं आणि ओटीपीही. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. तेव्हा पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर शोधून वरची जाहिरात उघडू नका.

रोजच्या व्यवहाराला म्हणूनच मी अ‍ॅपच्या बाजूने आहे. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फोनवर अ‍ॅपही तिथेच आणि ओटीपीही तिथेच, म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच खिशात. त्या चलानाच्या फाइलमधलं अ‍ॅप बहुतेक वेळा पहिल्यांदा एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की तुमचा ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. घरच्या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग करताना ओटीपी दुसऱ्या यंत्रावर येतो, ही त्याची खरी जमेची बाजू. सायबर कॅफेत मात्र ते उघडूच नका. मी स्वतः अ‍ॅपवर रोजची मर्यादा कमी ठेवतो आणि मोठी रक्कम घरच्या कॉम्प्युटरवरून पाठवतो.

आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. लोक काय म्हणतील म्हणून दोन-दोन दिवस गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत, जीव तुटतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय, की ओटीपी तुम्हीच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. म्हणून इथे एकेक मिनिट मोलाचं.

काकूंनी अ‍ॅप ठेवलंय, मर्यादा पाच हजारांची केली आहे. परवा तसलीच फाइल लोणंदला त्यांच्या भावाला आली. ती उघडण्याआधी त्याने बहिणीला फोन लावला.