पांढऱ्या कापडावरचं लाल चिन्ह

(दृश्य: जिनिव्हातलं संग्रहालय. काचेआड दंडाला बांधायची पट्टी. कॅमेरा सावकाश जवळ.)

पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस असलेली ही पट्टी 1864 सालची. लुई आपिया नावाच्या स्विस सर्जननं ती युद्धभूमीवर दंडाला बांधली होती. डेन्मार्कच्या सीमेवर तेव्हा प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा डेन्मार्कशी लढत होत्या. आपिया कोणत्याच बाजूचा नव्हता. ते सांगायला त्याच्याकडे ही पट्टी होती, दुसरं काही नव्हतं.

आधी काय होतं ते पाहा. रुग्णपथकांचे झेंडे तेव्हाही होते, पण प्रत्येक फौजेचा वेगळा. ऑस्ट्रियाचा पांढरा, फ्रान्सचा लाल, स्पेनचा पिवळा. आपल्याच फौजेतल्या शिपायांना तो ओळखता येईल याची खात्री नसे, मग शत्रूच्या तोफचीला कुठून यावी?

(दृश्य: सोल्फेरिनोच्या टेकड्या, बुरूज. नंतर कास्तिग्लिओनेचं चर्च, आतल्या फरशीवर ऊन.)

24 जून 1859. उत्तर इटलीतल्या या टेकड्यांवर फ्रान्स आणि ऑस्ट्रियाच्या फौजा भिडल्या, आणि एका दिवसात सुमारे 40 हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाला गाठायला आला होता. तो या चर्चमध्ये अडकला. याच फरशीवर जखमींना ओळीनं निजवलं होतं. गावातल्या बायका पाणी पाजत होत्या, जखमा बांधत होत्या, आणि कोण कुठल्या देशाचा हे विचारत नव्हत्या. ‘सगळे भाऊच,’ एवढंच म्हणत होत्या.

(दृश्य: चर्च. निवेदन थांबतं.)

द्युनांनं जे पाहिलं ते पुस्तकात लिहिलं. त्यातूनच ऑक्टोबर 1863 मध्ये जिनिव्हात परिषद भरली. सगळ्या देशांच्या रुग्णपथकांसाठी एकच खूण हवी असं ठरलं. आपियानं पांढरी पट्टी सुचवली, आणि चर्चेअंती तिच्यावर लाल क्रॉस आला. का आला? परिषदेच्या इतिवृत्तात कारण दिलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून, त्या देशाच्या सन्मानार्थ हे चिन्ह घेतलं, हे स्पष्टीकरण जिनिव्हा करारात, म्हणजे युद्धातल्या जखमींना संरक्षण देणाऱ्या करारात, आलं 1906 साली. म्हणजे चिन्ह निवडल्यानंतर 40 वर्षांहून अधिक काळानं, आणि तेही वाद सुरू झाल्यावर.

चिन्ह निवडणाऱ्यांच्या मनात धर्म नव्हता असंच आम्ही धरून चालतो. तसं वाटायला कारण आहे: जिनिव्हाच्या त्या खोलीत जमलेल्या प्रत्येकानं क्रॉस लहानपणापासून पाहिलेला होता. ध्वजावर, पदकावर, थडग्यावर. तो इतका अंगवळणी पडलेला होता की दुसरा कुणी त्याच्याकडे कसा पाहील, हा प्रश्न कुणाला सुचला नसावा.

(दृश्य: ऑटोमन काळातली छायाचित्रं. फेझ घातलेले शिपाई, स्ट्रेचर.)

तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यानं 1865 मध्ये कुठलीही अट न घालता जिनिव्हा करार मान्य केला होता. मग बाल्कनमध्ये लढाई पेटली. नोव्हेंबर 1876 मध्ये इस्तंबूलहून स्विस सरकारला पत्र गेलं. करार आम्हाला मान्य आहे, पण या चिन्हामुळे मुसलमान सैनिकांच्या भावना दुखावतात, म्हणून आजवर कराराचे हक्क आम्हाला वापरता आले नाहीत. यापुढे आमची पथकं लाल चंद्रकोर लावतील, असा त्याचा आशय होता. ज्या शिपायाच्या लेखी क्रूस म्हणजे चाल करून आलेल्या फौजेचं निशाण, त्यानं तोच क्रूस दंडाला बांधून जखमी उचलायला जावं, अशी कराराची अपेक्षा होती.

(दृश्य: दोन ध्वज शेजारी शेजारी. ऑटोमन ध्वज आणि लाल चंद्रकोर.)

हे दृश्य जरा नीट पाहा. लाल ध्वजावर पांढरी चंद्रकोर. रंग उलटे केले की पांढऱ्यावर लाल. स्विस ध्वजाच्या बाबतीत जी उलटापालट सांगितली जाते, हुबेहूब तीच. तरीही एक चिन्ह नियम ठरलं आणि दुसरं अपवाद. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या युद्धात रशियानं चंद्रकोर मान्य केली, बदल्यात तुर्कांनी क्रॉसचा मान राखायचा, या अटीवर. लढणाऱ्या दोन फौजांना जे जमलं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला 1929 उजाडलं.

मध्यंतरी इतरांनीही आपापली चिन्हं पुढे केली. सयामनं लाल ज्योत सुचवली, इराणनं लाल सिंह आणि सूर्य. 1929 च्या करारात चंद्रकोर आणि सिंह-सूर्य यांना जागा मिळाली, पण ती चिन्हं आधीपासून वापरणाऱ्या देशांपुरतीच. दार तिथंच लावून घेतलं गेलं. 1935 मध्ये अफगाणिस्ताननं लाल मेहराब, म्हणजे मशिदीतल्यासारखी कमान, मागितली, ती नाकारली गेली.

नकार देणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं, हेही सांगायला हवं. धुरात, घाईत, दुरून एका नजरेत ओळखू येणं हेच या चिन्हाचं काम. दहा देशांची दहा चिन्हं झाली तर आपण पुन्हा 1859 च्या रंगीत झेंड्यांपाशी येऊ. पण मग एकच चिन्ह हवं, तर ते एकाच परंपरेतलं का, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. ‘हे चिन्ह धार्मिक नाही’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. समोरच्याला काय दिसतं, हे त्याला विचारलं गेलं नाही.

(दृश्य: तारा असलेली रुग्णवाहिका.)

इस्रायलची मदतसंस्था 1930 पासून लाल तारा, म्हणजे ज्यूंचा सहा टोकांचा तारा, वापरत आली. 1949 च्या परिषदेत ताऱ्याला मान्यता देण्याचा प्रस्ताव आला आणि अगदी काठावर पडला. त्यामुळे ही संस्था 2006 पर्यंत रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय चळवळीबाहेर राहिली. इराणनं 1980 मध्ये सिंह-सूर्य सोडून चंद्रकोर घेतली.

(दृश्य: गोळ्यांनी चाळण झालेली रुग्णवाहिका. फक्त दृश्य.)

चिन्ह असूनही गोळ्या झाडल्या गेल्या, आजही झाडल्या जातात.

(दृश्य: पांढऱ्या पार्श्वभूमीवर टोकावर उभा लाल चौकोन, आतून पांढरा.)

हा रेड क्रिस्टल. कुठल्याही धर्माच्या, राष्ट्राच्या निशाणावरून तो घेतलेला नाही. तो मुद्दाम बसून, विचार करून आखला आहे. 8 डिसेंबर 2005 रोजी जिनिव्हात त्यावर मतदान झालं. बाजूनं 98, विरोधात 27, तटस्थ 10. एकमतानं निर्णय घेण्याची जिथे रीत, तिथे मतं मोजावी लागली. 14 जानेवारी 2007 पासून क्रिस्टलला क्रॉस आणि चंद्रकोरीइतकंच संरक्षण आहे.

आपल्या देशाबाहेर काम करताना मदतसंस्थेला या चौकोनाच्या आत स्वतःचं चिन्ह बसवता येतं. तारा, चंद्रकोर, क्रॉस, किंवा क्रॉस आणि चंद्रकोर शेजारी शेजारी. मात्र युद्धात संरक्षणासाठी लावायचा चौकोन रिकामाच हवा.

आमच्या मते ही सोय आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त वापरात यायला हवी. बहुतेक संस्था अजून आपल्या जुन्या चिन्हावरच आहेत, आणि आपल्या गावात, आपल्या लोकांत ते योग्यही आहे. पण जिथे क्रॉस पाहून एक बाजू चिडते आणि चंद्रकोर पाहून दुसरी, तिथे सैन्याच्या वैद्यकीय पथकाला तात्पुरतं चिन्ह बदलण्याची मुभा 2005 च्या करारानं दिली आहे. त्यासाठी नवी परिषद लागत नाही, नवं मतदान लागत नाही. पथकाचं संरक्षण वाढणार असेल, तर तेवढं कारण पुरतं.