बाकीच्या ओळी खोडा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका कार्डापासून सुरुवात करते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतल्या सैनिकांना एक छापील पोस्टकार्ड मिळायचं. वाक्यं तयारच असत. ‘मी अगदी बरा आहे.’ ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे.’ ‘बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही.’ नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख. पदरचं काही लिहिलंत तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी तंबी वरच छापलेली.

गुपितं फुटू नयेत, टपाल भराभर निघावं म्हणून केलेली ही सोय. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण ते कार्ड हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला वाचायला उरायचं काय? पेन्सिलीची रेघ कापरी तर नाही ना, सही नेहमीसारखीच आहे ना, एवढंच. आणि तारीख मागची. तेव्हा बरा होता. आज?

मला वाटतं, माणूस घरी परतला तरी ते कार्ड त्याच्या खिशातच राहतं. कसा आहेस विचारलं की ‘बरा आहे’. बाकीच्या ओळी खोडलेल्या. रात्री उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो. भांडं पडलं की क्षणात भिंतीला पाठ लावून उभा. मग बायको आवाज न करता भांडी लावायला शिकते. बाबा झोपले असले की लांबूनच हाक मारायची, हे पोरांना कोणी न सांगता कळतं. लढाईवर गेला एक जण. तिथले नियम पाळतं सगळं घर.

या दुखण्याला नाव मिळायलाही वेळ लागला. १९१५ मध्ये डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखात वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने हे होतं, अशी समजूत. पण ज्यांच्या जवळपासही गोळा फुटला नव्हता, त्यांचेही हात थरथरत होते! त्याच युद्धात पळून गेले, भ्याले, अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतल्या ३०६ जणांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या. माफी मिळाली २००६ साली. ती ऐकायला त्यांच्या बायकांपैकी कोण उरलं असेल?

आणि जे परतलेच नाहीत, सापडलेही नाहीत? बेल्जियममधल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर अशा ५४ हजारांहून अधिक जणांची नावं कोरली आहेत. मेला म्हटलं तर रडून तरी घेता येतं. बेपत्ता म्हटलं की रडणंसुद्धा अपशकुनी वाटतं. ताट वाढायचं नाही, पण कपडे कोणाला देऊनही टाकवत नाहीत.

११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये एका अनोळखी सैनिकाचं दफन झालं. नंतर कित्येक दिवस लोकांच्या रांगा हटेनात. पेटीवर नाव नव्हतं. मुलगा बेपत्ता असलेल्या कुठल्याही आईला रांगेत उभं राहून मनात म्हणता येत होतं, हा माझाच असेल.