लॉक, वेलांटी आणि नवा प्रोसेसर

[दृश्य: कोल्हापूर, लगीनसराई. छापखान्याच्या टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, मागे कटिंग मशीनचा आवाज.]

निवेदन:

कोल्हापुरात आजही असे छापखाने आहेत, जिथं लग्नपत्रिकेचा मजकूर पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लागतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. पुढं अ‍ॅडोबीनं सगळा जोर त्याच कामाच्या नव्या प्रोग्रॅमवर, इनडिझाइनवर, लावला. पण पत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांचे अहवाल, पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा, हे काम काही थांबलं नाही. ते त्याच प्रोग्रॅमवर चालू राहिलं, आणि राहणारच होतं. कळफलक बोटांत बसलेला, फॉन्ट ओळखीचे, गेल्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदलली की निम्मं काम झालेलं. ते सोडायचं कशासाठी?

आता मात्र मशीनच बदलायची वेळ आलीय. विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. नवा लॅपटॉप बघायला गेलं की दुकानदार एक हलकं, गरम न होणारं, दिवसभर बॅटरी पुरणारं मशीन पुढं करतो. विंडोज तीच, कळफलक तोच. आतला प्रोसेसर मात्र इंटेलचा नाही की एएमडीचाही नाही. आत आर्म आहे.

[दृश्य: उघडलेला जुना पीसी, मदरबोर्डवरची धूळ. नंतर हातातला मोबाइल.]

निवेदन:

आपल्या टेबलावरच्या पीसीचं घराणं १९७८ सालच्या इंटेल ८०८६ पासून सुरू होतं. आर्मचा पहिला प्रोसेसर १९८५ साली इंग्लंडमध्ये, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाला. आपल्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातला. दोघांना हुकूम द्यायची पद्धतच वेगळी.

एक साधं उदाहरण पाहू. मेमरीत एक आकडा ठेवलाय, त्यात दुसरा मिळवायचाय. इंटेलच्या पद्धतीत हे एका हुकमात होतं. आर्ममध्ये तीन हुकूम लागतात: आकडा मेमरीतून उचला, मिळवा, परत जागेवर ठेवा. इंटेलचा एक हुकूम १ बाइटचा असू शकतो, नाहीतर १५ बाइटचाही. ६४-बिट आर्मचा प्रत्येक हुकूम ४ बाइटचाच. म्हणजे २००१ सालचा प्रोग्रॅम जशाच्या तसा या प्रोसेसरपुढं ठेवला, तर त्याला त्यातलं अक्षरही कळायचं नाही.

म्हणून मध्ये दुभाषी बसवावा लागतो. प्रोग्रॅम चालू असतानाच तो त्याचे हुकूम तुकड्यातुकड्यानं घेतो, आर्मच्या हुकमांत उतरवतो आणि उतरवलेला तुकडा जपून ठेवतो. तोच तुकडा पुन्हा आला की नव्यानं मेहनत करावी लागत नाही.

ही युक्ती जुनी आहे. अ‍ॅपलनं तर तीनदा प्रोसेसर बदलला: १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये. तिन्ही वेळा जुने प्रोग्रॅम चालवायची सोय सोबत दिली. २०२०च्या एम१ चिपमध्ये तर त्यांनी एक फार विचारपूर्वक गोष्ट केली. इंटेलचे प्रोसेसर मेमरीत लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्या कोअरला, म्हणजे चिपमधल्या दुसऱ्या गणकाला, ज्या क्रमानं दाखवतात, तो क्रम आर्ममध्ये इतका काटेकोर नसतो. दुभाष्यानं प्रत्येक ठिकाणी हा क्रम सांभाळायचा म्हटलं तर वेग पार बसतो. अ‍ॅपलनं इंटेलसारखा क्रम पाळायची सोय थेट चिपमध्येच घातली. जुन्या प्रोग्रॅमसाठी नव्या सिलिकॉनमध्ये जागा ठेवणं, याला मी मोठेपणा म्हणतो. पण अशा सोयी कायमच्या नसतात. दुसऱ्या बदलानंतरचा दुभाषी, रोझेटा, २०११मध्ये काढून टाकला गेला. आत्ताचा रोझेटा २ मॅकओएस २७पर्यंत पूर्ण राहील, त्यानंतर फक्त काही जुन्या गेमपुरता, असं अ‍ॅपलनं २०२५ मध्येच सांगून ठेवलंय.

मायक्रोसॉफ्टची सुरुवात मात्र वाईट झाली. २०१२ची विंडोज आरटी आर्मवर आली, पण जुने डेस्कटॉप प्रोग्रॅम तिच्यावर चालतच नव्हते. २०१६ मध्ये जुन्या, ३२-बिट प्रोग्रॅमची सोय जाहीर झाली, विंडोज ११ मध्ये ६४-बिटची आली, आणि २०२४ मध्ये प्रिझम नावाचा नवा, जास्त वेगवान दुभाषी आला.

[दृश्य: छापखान्यातला नवा लॅपटॉप. ऑपरेटर ताई बसल्यात, मालक मागे उभे. स्क्रीनवर टास्क मॅनेजर.]

निवेदन:

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर 'आर्किटेक्चर' नावाचा रकाना चालू करता येतो. तो चालू केला की कोणता प्रोग्रॅम आर्मसाठी बांधलाय आणि कोणता दुभाष्यामार्फत चाललाय, ते एका नजरेत दिसतं. पेजमेकरसमोर एक्स८६, म्हणजे इंटेलच्या घराण्याचं नाव, लिहून येतं. म्हणजे दुभाषी कामाला लागलाय.

"उघडलं का ताई?"

"उघडलं की दादा. पहिल्यापेक्षा फास्ट चालायलंय."

खरंच चालतं. पेंटियमच्या काळातल्या प्रोग्रॅमला आजच्या प्रोसेसरची ताकद इतकी जास्त आहे, की दुभाष्याचा खर्च वजा केला तरी उरते. चौकटी सरकतात, पान मोठं-लहान होतं, सगळं झटक्यात. मग ताई मराठी टाइप करायला घेतात.

"दादा, मराठी कुठाय? मी टाइप केलो तर एबीसीडी याय लागलंय."

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालू झालेलंच नाही, कारण त्याला यूएसबीवरचं लॉक सापडत नाही. लॉक म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी किल्ली, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालतं. लॉक तर खोचलेलं आहे, दिवाही लागलाय. अडचण लॉकच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजला ते लॉक वापरायला शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो, आणि तिथं दुभाष्याला प्रवेश नाही. तिथला ड्रायव्हर आर्मसाठीच बांधलेला असावा लागतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लॉकसाठी तो कोण बांधणार? काही लॉक वेगळा ड्रायव्हर न मागता कळफलक-माउससारखी विंडोजला ओळख देतात. ती चालून जातात. बाकीची तिथंच अडतात. ट्रेसिंगवर प्रिंट काढणाऱ्या जुन्या लेझर प्रिंटरचंही असंच. ड्रायव्हर नसेल तर कागद सरकत नाही.

समजा, लॉक चाललं. पुढं आणखी एक गाठ आहे. अशी बरीच सॉफ्टवेअर कळ दाबताक्षणी ती मधल्या मध्ये पकडतात आणि त्यासाठी आपला एक छोटा तुकडा समोरच्या प्रोग्रॅमच्या पोटात घालतात. पेजमेकरही ३२-बिट, तुकडाही ३२-बिट, त्यामुळे तिथं जमतं. पण नोटपॅड आर्मसाठी बांधलेलं, त्याच्या पोटात इंटेलचा तुकडा जाऊच शकत नाही. एकाच मशीनवर एका खिडकीत मराठी उमटतं आणि शेजारच्या खिडकीत एबीसीडी. माणसाला वाटतं कळफलक बिघडला. कळफलक ठणठणीत असतो.

आणि त्याहून जुने १६-बिट प्रोग्रॅम तर कुठल्याच ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, मग प्रोसेसर इंटेलचा असो की आर्मचा. कधी कधी प्रोग्रॅम ३२-बिट असतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिटचा निघतो. तिथं सुरुवातच होत नाही.

[दृश्य: प्रॉपर्टीज खिडकी, कम्पॅटिबिलिटी टॅब. नंतर स्क्रीनमध्ये स्क्रीन: विंडोज एक्सपीचा हिरवा डोंगर.]

निवेदन:

मग करायचं काय? आधी सोपा इलाज. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीखाली, आर्मवरच्या एम्युलेशनची, म्हणजे दुभाष्याची, सेटिंग्ज असतात. प्रोग्रॅम मध्येच बंद पडत असेल तर तिथं जास्त काटेकोर पर्याय निवडून बघावा. वेग उतरतो, पण गाडी चालते. ड्रायव्हरचा प्रश्न मात्र यानं सुटत नाही.

त्यासाठी नुसता प्रोग्रॅम न उतरवता अख्खा जुना पीसीच सॉफ्टवेअरमध्ये उभा करावा लागतो. क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. त्या खोट्या पीसीत खरी जुनी विंडोज एक्सपी, एक्सपीत खरा जुना ड्रायव्हर, आणि यूएसबी लॉक थेट आत जोडून दिलेलं. आतल्या विंडोजला आपण आर्मवर आहोत याचा पत्ताही नसतो. हे हळू चालतं, रोजच्या घाईच्या कामाला मी सुचवणार नाही. जुनी फाइल उघडून बघायला, त्यातलं पान काढून घ्यायला पुरतं. हा पीसी इंटरनेटला मात्र जोडू नये, कारण एक्सपीला सुरक्षेचे अपडेट कधीचेच बंद झालेत.

आणि खरी किंमत आहे ती फाइल्सचीच. पेजमेकर उद्या गेलं तर दुसरं काही शिकता येईल. पण एखाद्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अहवालातल्या आठवणी, गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेतली देणगीदारांची यादी, हे सगळं जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत पडून आहे. फॉन्ट काढला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि खुणांचा खच दिसतो. इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइल्स उघडायच्या. पण फाइल उघडली तरी आतली अक्षरं जुन्याच संकेतातली.

ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, आणायला कन्व्हर्टर लागतो, आणि त्याचं काम वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'सूर्य'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. म्हणजे नुसती चिन्हाला चिन्ह देऊन भागत नाही, प्रत्येक शब्दात अक्षरांची जागा बदलावी लागते. जोडाक्षर लांबलं की कन्व्हर्टर तिथंच चुकतो.

[दृश्य: जुना पीसी आणि नवा लॅपटॉप एकाच टेबलावर. ताईंच्या हातात प्रूफ, लाल पेन.]

निवेदन:

या छापखान्यात दोन्ही मशीन सध्या शेजारी शेजारी चालू आहेत. जुन्यावर लॉक आहे, तिथून प्रत्येक फाइलची फॉन्टसह पीडीएफ निघते. पान जसं छापलं तसं राहावं म्हणून. मजकूर वेगळा काढून नव्यावर युनिकोडमध्ये जातो, कारण तशा पीडीएफमध्ये मराठी नाव शोधलं तर सापडत नाही. दादांनी सुरुवात केलीय ती छापील प्रतही शिल्लक नाही अशा अहवालांपासून. पत्रिका सगळ्यात शेवटी. प्रूफ ताई स्वतः वाचतात, आणि लाल खुणा सर्वांत जास्त पडतात त्या रफारावर.