पहिला प्रयोग कुणाचा? हान्स रोसबाउट आणि नवे संगीत

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'जर्मन रेडिओ आणि नवे संगीत' असा छापलाय. त्याकडे मी येणार आहे, पण एका माणसाच्या वाटेने. हान्स रोसबाउट. वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर. जन्म १८९५, ऑस्ट्रियातलं ग्रात्स. मृत्यू १९६२, लुगानो. विसाव्या शतकातल्या नव्या संगीताचे रचनाकार म्हणून या सभागृहात बुलेझ ऐकलेले पुष्कळ असतील, लिगेतीचे चाहतेही असतील. रोसबाउट कुणी ऐकलाय? मागे दोन हात दिसताहेत. त्या दोघांना नमस्कार, बाकीच्यांसाठी आजची संध्याकाळ.

माझं म्हणणं असं आहे की नव्या रचनेचा पहिला प्रयोग करणारा कंडक्टर त्या रचनेच्या जन्मात भागीदार असतो, आणि इतिहास त्याची एका ओळीत बोळवण करतो. बेथोवनची पाचवी सिंफनी कुणी बिघडवली, तर शेवटच्या रांगेतला श्रोताही दचकतो. ती त्याच्या कानात आधीपासून असते. कोऱ्या रचनेचं तसं नाही. ती वाईट वाजली की लोक म्हणतात, रचनाच वाईट. १९२८ साली बर्लिनमध्ये कंडक्टर फुर्टवेंग्लरने शोनबर्ग या संगीतकाराच्या वाद्यवृंदासाठीच्या व्हेरिएशन्सचा, म्हणजे एकाच सुरावटीच्या बदलत्या रूपांचा, पहिला प्रयोग केला. तालमी हातावर मोजण्याइतक्या, आणि सभागृहात गोंधळ. तीच रचना १९३१ मध्ये फ्रांकफुर्ट रेडिओवर आली. तिथे शोनबर्ग स्वतः बोलून ती उलगडून दाखवत होता आणि रोसबाउटचा वाद्यवृंद एकेक तुकडा वाजवून दाखवत होता. रसग्रहणाचा याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

त्याच फ्रांकफुर्टमध्ये २३ जानेवारी १९३३ रोजी हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या दुसऱ्या पियानो कंचेर्तोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, पहिला प्रयोग झाला. पियानोवर स्वतः बार्टोक, समोर रोसबाउट. आठवडाभरात हिटलर सत्तेवर आला, आणि बार्टोकने जर्मनीत पुन्हा कधी वाजवलं नाही. रोसबाउट मात्र देशातच राहिला, १९४१ पासून जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समधल्या श्ट्रासबुर्गमध्येही कंडक्टर होता. हे झाकून त्याची थोरवी सांगू नये, म्हणून सांगितलं. आणि त्याचा सख्खा भाऊ पाउल, विज्ञानग्रंथांचा संपादक, त्याच जर्मनीतून ब्रिटिशांना गुप्त माहिती पुरवत होता! या दोघा भावांवर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल. असो.

आता माझी लाडकी गोष्ट. शोनबर्गच्या 'मोझेस उंड आरोन' या ऑपेराचे दोन अंक १९३२ पर्यंत लिहून झाले होते. तिसऱ्याचे शब्द होते, संगीत नव्हतं. १९५१ च्या जुलैत संगीतकार गेला, ऑपेरा अख्खा न ऐकताच. १९५४ मध्ये हॅम्बुर्ग रेडिओने तो उभा करायचं ठरवलं. प्रचंड गायकवृंद, सगळी रचना बारा स्वरांच्या एकाच मालिकेतून विणलेली. नायक मोझेस गात नाही, सुरांच्या काठाकाठाने बोलतो. गायकवृंदाची तयारी चालू होती आणि नेमका कंडक्टर आजारी पडला. रोसबाउटला बोलावणं गेलं तेव्हा हातात जेमतेम आठवडा होता. जो अख्खा स्कोअर, म्हणजे लिखित स्वरलिपी, समोर ठेवून कधी कुणी हात हलवला नव्हता, तो आठवड्यात आत्मसात करायचा, आणि तोही थेट प्रक्षेपणासाठी! १२ मार्चला प्रयोग झाला. ध्वनिमुद्रण आहे, ऐका. गायकवृंद कुजबुजतो, ओरडतो, गातो, आणि या गर्दीत शब्द कुठेही बुडत नाहीत. घाईत तयार झालेलं काम असं वाजत नाही. तीन वर्षांनी झ्युरिकला हाच ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला, तेव्हाही समोर रोसबाउटच होता.

तो नेमकं करायचा काय? लिगेतीचं 'अॅटमॉस्फिअर्स' घ्या. पहिला प्रयोग जर्मनीतल्या डोनाउएशिंगनच्या नव्या संगीताच्या महोत्सवात, ऑक्टोबर १९६१. तंतुवाद्यांत प्रत्येक वादकाची ओळ वेगळी. ऐकताना ठोका कुठेच सापडत नाही, ढग सरकावा तसा नुसता नाद सरकतो. आणि स्कोअरमध्ये? चार-चार मात्रांचे रीतसर खंड! कंडक्टर शांतपणे मात्रा मोजत असतो. त्याच्या हातात ठोका दिसला पाहिजे आणि वादकांच्या आवाजात तो अजिबात उतरता कामा नये. कुणी मात्रेवर जरासा जोर दिला की तो ढग फाटला. त्या दिवशी श्रोत्यांनी ही रचना पुन्हा वाजवायला लावली. हे श्रेय लिगेतीचं आहेच, पण तालमीच्या खोलीत ते ठोके पुसून काढणाऱ्याचंही आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता!

रोसबाउट १९४८ पासून मृत्यूपर्यंत बाडेन-बाडेनच्या स्युडवेस्टफुंक या रेडिओच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. रेडिओचा पैसा श्रोत्यांच्या शुल्कातून यायचा, तिकिटांतून नाही. वादक पगारी, त्यामुळे तालमीला दिवस मिळायचे. १९५५ मध्ये बुलेझच्या 'मार्तो' या रचनेसाठी पन्नासच्या आसपास तालमी झाल्याचं सांगतात. वादक फक्त सहा आणि एक गायिका! खाजगी संयोजकाला हे परवडलं नसतं. रेडिओचा संगीतप्रमुख हाइनरिश श्ट्रोबेल पाठीशी होता आणि १९५० पासून डोनाउएशिंगनचा महोत्सव रेडिओच्या आधाराने चालू होता. तिथे १९५३ मध्ये मेसियाँ, १९५५ मध्ये क्सेनाकिस, १९६० मध्ये पेंडेरेत्स्की, या सगळ्या संगीतकारांच्या नव्या रचनांचे पहिले प्रयोग याच वाद्यवृंदाकडून, याच कंडक्टरकडून झाले. १९५९ मध्ये तो आजारी पडला आणि त्याच्या जागी बुलेझ उभा राहिला. कंडक्टर बुलेझची कारकीर्द खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

२०१६ मध्ये खर्च वाचवण्यासाठी बाडेन-बाडेनचा हा वाद्यवृंद आणि श्टुटगार्टचा रेडिओ वाद्यवृंद यांचं विलीनीकरण करण्यात आलं. जगभरातल्या संगीतकारांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. नव्या रचनेला पन्नास तालमी देणारी जागा अशी हिशेबात बसत नाही म्हणून मोडली, याचा मला आजही राग आहे. प्रश्नोत्तरांत कुणी विलीनीकरणाची बाजू मांडणार असेल तर जरूर मांडा, मी थांबणार आहे.