दुसरं मिनिट

(राजवाड्यासमोरचा चौक. हॉर्न, ऑटो, पोह्यांच्या गाड्या.)

३० जानेवारी, इंदूर. अकरा वाजत आलेत. गृह मंत्रालयाची सूचना अशी: जिथे भोंगा आहे तिथे तो १०.५९ ते ११ वाजेल, मग स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांसाठी दोन मिनिटं मौन, आणि ११.०२ ते ११.०३ पुन्हा भोंगा. काम थांबवायचं, चालणंही थांबवायचं. कचेऱ्यांत लोक उभे राहतात. रस्त्याला मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

(एका सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या.)

आपल्या मराठी सभांमध्ये तर मौन नेमानं होतं. "आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळू या." खुर्च्या करकरतात. कुणीतरी खाकरतं. कुणाचा तरी फोन नेमका तेव्हाच वाजतो आणि पर्समध्ये सापडत नाही. अध्यक्ष किलकिल्या डोळ्यांनी घड्याळाकडे बघतात, "ओम शांती" म्हणतात, आणि सगळे सुटल्यासारखे बसतात. एकदा मोजून बघा. अनेकदा मिनिटसुद्धा झालेलं नसतं.

तेवढ्यानं काय बिघडतं? बिघडतं. ही दोन मिनिटं आली कुठून ते बघा. १९१८ च्या मे महिन्यात, पहिलं महायुद्ध चालू असताना, केपटाऊनमध्ये दुपारच्या तोफेनंतर अख्खं शहर रोज थांबू लागलं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, मग दोन. त्यातलं पहिलं मिनिट जिवंत परतलेल्यांबद्दल आभाराचं, दुसरं मेलेल्यांचं. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबरला, ब्रिटिश राजाच्या आवाहनावरून ही प्रथा साम्राज्यभर गेली. त्या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले होते. म्हणजे मिनिटभरात बसणारे आपण नेमका मेलेल्यांचाच वाटा कापतो.

(महूची छावणी, बाहेरून.)

इंदूरपासून तासाभरावर महू. सैन्यात हा गोंधळ नसतो. 'शोक शस्त्र' म्हटलं की बंदुकीची नळी खाली, मानही खाली. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतं, मग शांतता, आणि ती संपवतो पुन्हा बिगुलच. अध्यक्षांच्या अवघडलेपणावर काही सोडलेलं नसतं. आपल्याकडे बिगुल नाही, पण घड्याळ धरायला एखादी पोरगी उभी करता येते. उशिरा आलेल्यानं दारातच थांबावं. टोपीबद्दल मात्र वाद नको. आपण पागोट्याची माणसं. डोकं उघडं करणं ही युरोपची रीत, आणि गणवेशातला जवानही टोपी काढत नाही. टाळ्या तर मुळीच नकोत. 'अमर रहे' म्हणायचंच असेल तर नंतर.

(क्षिप्रेचं पात्र, महिदपूर.)

२१ डिसेंबर १८१७. इथे होळकरांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. होळकरांकडची सुमारे तीन हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, असा अंदाज आहे. पंधरवड्यात मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी म्हणून इंदूर वाढलं. त्या माणसांसाठी इंदुरात कुठल्या सभेत खुर्च्या करकरल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

म्हणून कॅमेरा लावून आम्हीच काठावर उभे राहिलो. पहिल्या मिनिटात एक ट्रॅक्टर गेला, आणि एका पोरानं विचारलं, "क्या हो गया, भिया?" कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या मिनिटात तोही गप्प उभा होता. बहुधा कॅमेऱ्यामुळे.