राजवाडे म्हणतात, की भाऊसाहेब?

(दृश्य: जुन्या पुस्तकाचं पान. एका ओळीवर बोट थांबतं.)

'गोविंदपंत बुंदेल्यांनी पैका वेळेवर पोचवला नाही.' पेशव्यांच्या या उत्तरेतल्या मामलेदाराबद्दल पानिपतावरच्या लेखनात हे वाक्य या ना त्या रूपात भेटतं. पुढे कंसात एवढंच: राजवाडे, खंड १.

आता हे म्हणतंय कोण?

वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. वाईला सापडलेली, १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यात आहेत. पानिपतावरचे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांनी गोविंदपंतांकडे पैशाचा तगादा लावला, ती पत्रंही त्यातच. पण याच खंडाला राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना आहे, आणि तीत ते गोविंदपंतांवर सरळ ठपका ठेवतात. एका पुठ्ठ्यात दोन आवाज: एक १७६० च्या छावणीतला, दुसरा त्यानंतर १३८ वर्षांनी उमटलेला. कंसातलं 'राजवाडे' दोघांनाही चालतं.

(दृश्य: खंड उघडतो. पत्राच्या डोक्यावरचा आकडा.)

म्हणून कंसात आधी 'लेखांक' शोधायचा. लेखांक म्हणजे पत्राचा क्रमांक, पानाचा नव्हे. कॉलेजात असताना मी लेखांकाच्या आकड्याचं पान उघडलं, भलतंच पत्र निघालं आणि लेखकाला खोटारडा ठरवून मोकळा झालो! 'प्रस्तावना, पृष्ठ अमुक' असं असेल, तर मत राजवाड्यांचं. दोन्ही नसेल, तर पुस्तकाच्या शेवटी संदर्भसूचीत आवृत्ती बघायची आणि खंड पहिल्या पानापासून चाळायला बसायचं. सुटका नाही.

(दृश्य: मोडी पत्र, अगदी जवळून. तारखेची ओळ.)

पत्र सापडलं की तारीख बघा. मूळ कागदावर पुष्कळदा नुसता चंद्र (म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख) आणि महिना असतो. साल संपादकानं मजकुरावरून बसवलेलं. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवायचे, पण पौषातले जानेवारीत पडणारे दिवस किंवा माघ-फाल्गुन असेल तर ७९. पानिपत झालं शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीला. डोळे मिटून ७८ मिळवले, की १४ जानेवारी १७६१ ची लढाई वर्षभर आधीच आटोपते.

आणि मायना वाचा. कोणी, कोणाला? भाऊंच्या पत्रात भाऊंची निकड दिसेल. पैका का पोचला नाही, याबद्दल पंतांचं म्हणणं त्यात कुठून असणार? ते पंतांच्याच पत्रांत शोधावं लागतं. तेही डिसेंबर १७६० पर्यंतच्या. कारण त्याच महिन्यात पंत मारले गेले.