माझा परिचय मी लिहीन

(फोंड्याच्या एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला पंचवीस मिनिटं दिली होती, त्यातली सात स्वागतात गेली. विषय आहे, बाईने व्यवसायात दिसायचं ते कोणाच्या अटींवर. फलकावर माझं नाव आज बरोबर आहे. त्यासाठी तीन फोन करावे लागले, तेव्हा विषयाला सुरुवात झालीच म्हणा.

मी सीए. घर कलावंतांचं [देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या बायांचा गोव्यातला समाज – सं.], त्याचा अर्थ इथे सांगायला नको, अर्धं सभागृह सोयरंच आहे. गेल्या मार्चमध्ये, महिला दिन, दुसरं काय, एका संस्थेचा फोन आला. परिसंवादाला या, परिचय पाठवा. मी दोन ओळी पाठवल्या: नाव, पदवी, लेखापरीक्षण आणि जीएसटीचं काम. तासाभरात परत फोन. "मॅडम, जरा काळजाला भिडणारं द्या ना. आजी देवळात गायची ना? घुंगरू असतील घरात, फोटो मिळेल?" म्हटलं, घुंगरू नाहीत, ताळेबंद आहे, त्याचा पाठवू? पत्रिका आली. वर समई, खाली पाठमोरी बाई, मध्ये 'देवदासी ते सीए : एक संघर्षगाथा'. अहो, देवदासी कोण? मी बी.कॉम. होते! मानधनाचं विचारलं तर म्हणे शाल-श्रीफळ आहे. माझ्याकडे सतरा शाली साठल्यात. गोव्यात थंडी पडते किती दिवस? आई म्हणते, "वचून यो गो, नांव जातलें." [जाऊन ये गं, नाव होईल – सं.]

नाव! आपल्या थोर गायिकांचीच घ्या: केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, पेडण्यातल्या मालपेंच्या अंजनीबाई मालपेकर. ज्या घरांत बापाचं नाव लावायची सोय नसे, तिथे गावाचं लागलं. कुर्डी तर साळावलीच्या धरणात गेली, मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येते. कुर्डीकर हे नाव मात्र बारमाही.

केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच. त्यातली 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. यानं उडाली ऑगस्ट-सप्टेंबरात, बाई गेल्या 16 सप्टेंबरला. त्या तबकडीच्या यादीत त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ठाऊक आहे? देश, राग, चीज, सुरश्री केसरबाई केरकर, 3 मिनिटं 30 सेकंद. संपलं. ना समई, ना संघर्षगाथा. माझ्या दोन ओळी आणखी कशा असणार होत्या?

चिठ्ठी आली, चार मिनिटं उरलीत. मुद्द्याचं पटापट सांगते.

आमच्या पेशात 1949 च्या कायद्यापासून जाहिरातीवर बंधन आहे. 'स्वस्तात ऑडिट' असं मला छापता येत नाही. म्हणजे मी दिसणार ती बरीचशी दुसऱ्याने दाखवली तर. म्हणूनच माझा परिचय मी लिहीन आणि पत्रिका छापायच्या आधी बघेन. शेजारच्या पुरुष वक्त्याला पाकीट असेल तर मलाही. आणि मार्चमध्ये नको, जुलैत बोलवा, विवरणपत्रांच्या दिवसांत, करावर बोलायला. घराण्याची गोष्ट लपवायची नाहीये मला. आज सांगितली, कारण तुम्ही मागितली नाही.

याने माझी दोन कामं गेली, खोटं कशाला सांगू. 'शेफारली' हा शब्दही कानावर आला. पण माझं ऑफिस चालतं, मला नकार झेपतो. कालच सनद मिळालेल्या पोरीला तो झेपत नाही, तिला त्या समईखालीच उभं राहावं लागतं. तेव्हा पहिला नकार आम्ही जुन्या बायांनी द्यायचा, म्हणजे आयोजकांना सवय होईल. तो कसा द्यायचा यावरच खरं बोलायचं होतं, निदान अर्धा तास, पण अध्यक्ष उभेच राहिले.

अहो, पिशवीतून ते काय काढताय? अठरावी?